न वाकणारी काठी

एका जंगलात एक साळिंदर राहत होतं आणि ते साळिंदर म्हणजे मी. हे आधीच सांगून टाकतो. मागच्या गोष्टीत मी स्वतःला गाढव केलं होतं, तर तुम्ही तिसऱ्या वाक्याला ओळखलंत आणि शेवटपर्यंत माझ्याकडे बघून खिदळत बसलात. तेव्हा आज काय हसायचं ते आत्ताच हसून घ्या.

झालं? मग नीट बसा. ए, तिकडच्या सशा, कान खाली कर. मागच्यांना दिसत नाही.

गोष्टीत मात्र मी त्याला साळिंदरच म्हणणार. आपला मूर्खपणा जरा लांबून सांगितला की घसा कोरडा पडत नाही.

तर बाळांनो, ह्या साळिंदराचं नाव होतं साळू. नदीच्या डोहाजवळ, करंजाच्या झाडाखाली त्याचं बीळ होतं. आणि डोहाच्या काठावर राहत होते केरूनाना. नाना म्हणजे पाणमांजर. पाणमांजर तुम्ही पाहिलंय. बुडी मारतं आणि तोंडात मासा घेऊन वर येतं. नानाही तरुणपणी तसेच होते. पण आता दात पडले होते, कंबर धरली होती. एकदा बुडी मारली की पुढचे तीन दिवस ते उन्हात पडून कण्हत असत. म्हणून नाना गळ टाकून मासे धरत. सगळ्या जंगलात असं करणारे ते एकटेच.

त्यांची काठी बघण्यासारखी होती. बांबूच्या बेटातून त्यांनी ती स्वतः निवडून आणलेली. वणवा विझल्यावर जी धग उरते, तिच्यावर फिरवून फिरवून सरळ केलेली. बुडाशी मनगटाएवढी जाड, टोकाला काडीएवढी बारीक. टोकाला दोरी, दोरीला गळ, गळाला गांडूळ. मासा नुसतं तोंड लावून गेला तरी टोक हलायचं. नाना डोळे मिटून बसत. त्यांना ते हातातच कळायचं.

साळू रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसे. साळिंदर मासे खात नाही, हे तुम्हाला माहीत आहे. नसेल तर आता झालं. साळू जायचा तो बोलायला. त्याच्याजवळ बोलायला खूप होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं. नाना ऐकत. खरं तर ते नुसतं "हं" म्हणत आणि पाण्याकडे कान लावून बसत. साळूला तेवढं पुरत असे.

नानांचा मुलगा मल्हारी डोंगरापलीकडे धरणावर राहायचा. एका अमावस्येला तो आला.

"नाना, आता एकटं राहायचं वय नाही. चला माझ्याकडे," तो म्हणाला.

"मला काय धाड भरलीय? माझं मी धरून खातो," नाना म्हणाले.

मल्हारी वाईट नव्हता. त्याने थोडा विचार केला. "बरं. पौर्णिमेला परत येतो. तोवर तुमचं पोट तुम्ही भरत असाल, तर हा विषय कायमचा बंद. नाहीतर पाठीवर घालून नेईन. मग कुरकुर करायची नाही."

"ठरलं," नाना म्हणाले.

नानांना धरणावर जायचं नव्हतं. इथल्या डोहातला दगड न् दगड त्यांच्या ओळखीचा होता. तिकडे त्यांना मल्हारीशिवाय कुणी ओळखत नव्हतं. आणि साळूलाही ते जायला नको होते. का, ते मघाशी सांगितलंच.

आता ऐका हं, इथे साळूची अक्कल सुरू होते.

त्या वर्षी आमच्या जंगलात शिबिरांची साथ आली होती. अजगराने लवचीकतेचं शिबिर घेतलं. घुबडाने लवकर उठण्याचं घेतलं. आणि कुठून तरी आलेल्या एका करकोच्याने तीन दिवसांचं वस्तू-दुरुस्ती शिबिर घेतलं. साळू गेला. पहिल्या दिवशी ओळखी झाल्या. दुसऱ्या दिवशी गट पाडून चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी सागाच्या पानावर प्रमाणपत्र मिळालं. ह्या तीन दिवसांत एकाही वस्तूला कुणी हात लावला नाही. पण पान चांगलं मोठं होतं.

साळू ते पान घेऊन धावत डोहावर गेला. नाना काठी बाजूला ठेवून गांडूळ शोधत होते.

"नाना, बघा. मी दुरुस्तीतज्ज्ञ झालो," साळू म्हणाला. आणि पान नीट दाखवता यावं म्हणून ऐटीत खाली बसला.

कट्कन आवाज झाला.

तो काठीवर बसला होता.

हसा. मी तरी काय करणार. काठी टोकापासून दीड हातावर मोडली होती. अमावस्या होऊन तीन दिवस झाले होते.

नाना काही रागावले नाहीत. त्यांनी मोडलेली दोन्ही टोकं एकमेकांना लावून पाहिली. "एवढं काही झालं नाही रे," ते म्हणाले. "एक बारीक कामटी लाव आणि सुतळीने गुंडाळून टाक. मीच केलं असतं, पण माझे हात थरथरतात. आज संध्याकाळी बसतो परत."

म्हणजे बाळांनो, काम होतं एवढंसं. कामटी म्हणजे बांबूची चपटी काडी. ती लावायची, सुतळी गुंडाळायची, गाठ मारायची. तुमच्यातल्या कुणीही पाणी पिऊन येईपर्यंत केलं असतं.

पण साळूच्या काखेत प्रमाणपत्र होतं.

"नाना, असं उगाच गुंडाळून चालत नाही," तो म्हणाला. "आधी मूळ कारण शोधावं लागतं. काठी का मोडली?"

"तू बसलास म्हणून."

"ते वरवरचं कारण झालं. मुळात ती मोडली कारण ती वाकते. जी वस्तू वाकते ती एक ना एक दिवस मोडणारच. मी तुमच्या काठीचं वाकणंच बंद करून टाकतो. पुन्हा आयुष्यात मोडणार नाही."

नानांनी तोंड उघडलं. मग साळूच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मिटलं. साळूला स्वतःच्या बसण्याची फार लाज वाटत होती. ती त्याला काहीतरी मोठं करून फेडायची होती. नानांना ते दिसलं असणार. "बरं," ते म्हणाले. "पण लवकर दे."

साळूने पाच दिवस घेतले.

पळसावरची लाख गोळा केली. बाभळीचा डिंक आणला. लाख वितळवली, डिंकात कालवली. एक कामटी पुरणार नाही म्हणून चार लावल्या. तरीही काठी वाकायचीच. टोक धरून दाबलं की हसल्यासारखी वाकायची. साळूला तिचा राग आला.

आणि मग त्याच्या डोक्यात आलं की जगात सर्वांत ताठ गोष्ट कोणती? साळिंदराचा काटा. तो मोडत नाही, वाकत नाही आणि साळूजवळ तर असे पाठभर काटे होते.

त्याने आपल्या पाठीवरचे काटे उपसायला सुरुवात केली.

तुम्हाला काटे नाहीत म्हणून तुम्हाला कळायचं नाही. एक काटा उपसला की डोळ्यांतून पाणी येतं. दुसरा उपसताना पहिल्याची आठवण येते. त्याने चाळीस उपसले. चाळीसही काठीभोवती उभे लावले, वरून लाख ओतली आणि पळसाच्या मुळ्यांच्या दोरीने बुडापासून टोकापर्यंत आवळून बांधले. त्याच्या पाठीवर मधोमध ताटलीएवढी जागा उघडी पडली. वारा लागला की झोंबायची.

आठव्या दिवशी तो काठी घेऊन डोहावर गेला. दोन्ही हातांनी उचलूनच न्यावी लागली. टोकाला ती आता बुडाइतकीच जाड झाली होती. दिसायला मुसळासारखी होती, पण काम सुबक होतं हे मी आजही म्हणेन.

नानांनी काठी हातात घेतली. तोलून पाहिली. टोक दाबून पाहिलं. ते जरासुद्धा हललं नाही.

"साळू," त्यांनी सुरुवात केली.

तेवढ्यात साळूने पाठ वळवली. "चाळीस लागले, नाना. पण तुमच्यासाठी काय मोठंसं."

नानांनी ती उघडी पाठ पाहिली. जखमा अजून ओल्या होत्या.

"फार छान झालीय रे," नाना म्हणाले.

करकोच्याने शिकवलेली एक गोष्ट साळू विसरला नव्हता. काम झालं की अभिप्राय घ्यायचा. त्याने एक वडाचं पान पुढे केलं. पानावर पाच चौकोन होते. काम जितकं आवडलं तितक्या चौकोनांत पंजा उठवायचा. नानांनी पंजा चिखलात बुडवला आणि पाचही चौकोन भरून टाकले. साळूने ते पान प्रमाणपत्राशेजारी लावलं आणि त्या दिवशी दुपारी पालथा पडून मस्त झोपला.

पुढचे सात दिवस नाना रोज संध्याकाळी ती काठी घेऊन बसत. साळू शेजारी बसे आणि दुरुस्तीवर बोले. त्याचं बोलणं आता पूर्वीपेक्षा वाढलं होतं, कारण विषय मिळाला होता.

"मासे मिळतात ना, नाना?"

"तू यायच्या आधीच मिळाला. खाऊनही झालं."

कधी कधी नाना हिसका देत आणि दोरी तुटून गळासकट पाण्यात जाई. "दोरीच जुनी झालीय," नाना म्हणत आणि थरथरत्या हातांनी नवी गाठ मारत बसत. साळूला वाटे, बघा, दोरी तुटली पण काठी शाबूत आहे. हे तो बोलूनही दाखवत असे. नाना "हं" म्हणत.

एकदा साळूने त्यांना कंद आणून दिले. नानांना दात नव्हते. त्यांनी कंद घेतले, छान आहेत म्हणाले आणि नंतर खाईन म्हणून बाजूला ठेवले. दुसऱ्या दिवशी ते तिथेच होते. साळूने पाहिले आणि त्याला वाटलं, नानांचं पोट माशांनीच भरत असेल.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी मल्हारी आला.

साळूने त्याला वाटेतच गाठलं. "मल्हारी, तू परत फिरलास तरी चालेल. नाना मजेत आहेत. काठी मी स्वतः दुरुस्त केलीय. पाच पंजे मिळालेत."

मल्हारी सरळ नानांपाशी गेला. नाना त्याला बघून उठायला लागले आणि परत बसले. मल्हारीने त्यांना काखेत हात घालून उभं केलं आणि तसंच धरून ठेवलं.

"किती हलके झालात," तो म्हणाला. "नाना, कधीपासून जेवला नाहीत?"

"तसं काही नाही. थोड्या मासोळ्या वाळवून ठेवल्या होत्या," नाना म्हणाले.

"त्या कधी संपल्या?"

मल्हारीने काठी उचलली. टोक दगडाला टेकवून त्याने सगळं अंग तिच्यावर टाकलं. काठी ढिम्म हलली नाही.

"ही वाकत नाही," तो साळूला म्हणाला.

"तेच तर," साळू म्हणाला.

"अरे, मासा तोंड लावतो तेव्हा टोक हलायला नको? ह्याच्यात कळणार कसं? आणि हिसका दिला की काठीने थोडं सोडायला पाहिजे. ती सोडत नाही म्हणून दोरी तुटते. पोरालासुद्धा कळतं हे."

"पण नानांनी पाच पंजे दिले," साळू म्हणाला.

"ते तुझ्या पाठीकडे बघून दिले," मल्हारी म्हणाला.

इथून पुढे मी त्याला साळिंदर म्हणणार नाही, बाळांनो. नाही जमत मला.

मी नानांकडे बघितलं. नाना पाण्याकडे बघत होते. सात दिवस मी त्यांच्या शेजारी बसून दुरुस्तीचं बोलत होतो आणि ते उपाशी पोटी "हं" म्हणत होते. एकदा जरी म्हणाले असते की साळ्या, बिघडवून ठेवलीस, तर एका संध्याकाळी काम झालं असतं. पण ते म्हणाले नाहीत. आणि मी तरी कुठे त्यांना म्हणायला जागा ठेवली होती?

"मल्हारी, मला सूर्य बुडेपर्यंत वेळ दे," मी म्हणालो. "हे सगळं सोडवतो. एक कामटी लावतो, सुतळी गुंडाळतो. नाना तुझ्यासमोर मासा धरून दाखवतील. मग बोल."

मल्हारी बसला. म्हटलं ना, तो वाईट नव्हता.

मी दोरी कुरतडायला लागलो. दोरी सुटली, पण खाली लाख होती. लाखेवर दात चालेनात. दगडाने ठोकलं, तर दगडाचा टवका उडाला. काटे उपसायला गेलो, तर माझेच काटे माझ्याच तोंडात घुसले. जोर लावून चावलं तेव्हा लाख तशीच राहिली आणि बांबूचाच तुकडा निघाला. मी आयुष्यात कुठलंही काम धड केलं नव्हतं. हे एकच इतकं पक्कं केलं होतं की मलाच सोडवता येईना.

सूर्य डोंगराला टेकला. माझ्या हिरड्यांतून रक्त येत होतं. चाळीसांतला एक काटा सुटला होता.

"राहू दे रे, साळू," नाना म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पाठीवरून फिरवला नाही. तिथे दुखेल म्हणून.

"नाना, तुम्ही मला सांगायचं होतं," मी म्हणालो.

"सांगणार होतो. पण तू पाठ दाखवलीस," नाना म्हणाले.

ठरल्याप्रमाणे त्यांनी कुरकुर केली नाही. मल्हारीने त्यांना पाठीवर घेतलं आणि ते गेले.

रडू नका. ते जिवंत आहेत. धरणावर मल्हारी त्यांना ताजे मासे आणून देतो, काटे काढून भरवतो. ते पुन्हा गुटगुटीत झालेत म्हणे. हे मला खंड्याने सांगितलं. खंड्या पक्षी मासे मारायला तिकडे जातो आणि येताना निरोप आणतो. पहिल्या खेपेला त्याने नानांचा निरोप आणला तो असा होता : "साळूला म्हणावं, इथे सगळं बरं आहे. फक्त संध्याकाळी कुणी बोलत नाही."

खंड्या हे ऐकवून उडून गेला. मी बिळात जाऊन पडलो आणि रडलो. साळिंदराला रडताना कुणी जवळ घेत नाही, त्याची कारणं उघड आहेत.

आता तुम्हाला वाटेल, ह्यानंतर साळिंदराने दुरुस्तीचं नाव सोडलं असेल. शहाणे आहात. ती काठी मोडत नाही ही बातमी जंगलभर पसरली. रानडुकराने तिच्यावर उभं राहून बघितलं, मोडली नाही. गव्याने पाय दिला, मोडली नाही. हिच्याने मासा मिळतो का, हे कुणी विचारलं नाही. लोक मला सर म्हणायला लागले. करकोच्याने मला पुढच्या शिबिराला शिकवायला बोलावलं. मी गेलो. हो, गेलो. एकटं राहायला लागलं की ऐकणारे कुठेही मिळाले तरी माणूस जातो, मग साळिंदराचं काय घेऊन बसलात. आता दर शिबिरात मी ती काठी हातात धरून सांगतो की काम असं पक्कं करावं. टाळ्या पडतात.

आणि संध्याकाळी तीच काठी घेऊन मी डोहावर बसतो आणि एकेक काटा सोडवतो. तीन वर्षांत एकवीस निघालेत. मागच्या पावसाळ्यानंतर टोक किंचित हलल्यासारखं वाटलं होतं. वारा असेल कदाचित. खंड्याला मी दर वेळी सांगून पाठवतो की नानांना म्हणावं, थोडंच राहिलंय.

नानांचं वय झालंय, हे मला कळतं. कुणी बोलून दाखवू नका.

बरं, आता वह्या काढा. तात्पर्य लिहून घ्या आणि घरी गेल्यावर पाठ करा.

तात्पर्य : दुसऱ्याचं काम नेहमी रक्त आटवून करावं आणि आटवलेलं रक्त त्याला लगेच दाखवावं. म्हणजे काम बिघडलंय असं तोंडावर सांगायची त्याची छाती होत नाही. तो उपाशी राहतो आणि आपल्याला पाच पंजे मिळतात.